लहान मुलांसोबत घरी उपवासकाळ: राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत

चार वर्षांच्या मुलाला चाळीस दिवस म्हणजे किती, हे कळत नाही. त्याला आज आणि उद्या कळतं, फार तर रविवार कळतो. पण प्रार्थनेच्या जागेवरचं कापड बदललं की ते त्याच्या लगेच लक्षात येतं. रोज संध्याकाळी एकच गोष्ट त्याच वेळी, त्याच क्रमाने झाली की तिसऱ्या दिवशी तो स्वतःच आठवण करून देतो. म्हणून लहान मुलांना उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्ताचा काळ, समजावून सांगण्याआधी तो घरात दिसू द्यावा. प्रश्न मुलंच विचारतील, आणि तेव्हा दिलेलं दोन वाक्यांचं उत्तर आधी दिलेल्या दहा मिनिटांच्या शिकवणीपेक्षा जास्त टिकतं.

पुढे बरेच उपक्रम दिले आहेत. सगळे करू नका. पहिलंच वर्ष असेल तर रोजची एक गोष्ट, आठवड्याची एक आणि पवित्र सप्ताहातल्या (ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यातल्या) एक-दोन एवढं पुरतं. उत्साहात सात गोष्टी सुरू केल्या की दुसऱ्या आठवड्यात पाच सुटतात, आणि सुरू केलेलं सोडून द्यायचं असतं हेच मूल त्यातून शिकतं.

आधी दिवस नीट मोजा

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यात सहा रविवार येतात. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. उरतात ते ४०, येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांच्या आठवणीचे. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. २०२८ मध्ये अनुक्रमे १ मार्च आणि १६ एप्रिल.

ही मोजणी इथे सांगायचं कारण म्हणजे सर्वांत जास्त होणारी चूक. पालक चाळीस घरांचा तक्ता काढतात, मूल रोज एक घर रंगवतं, आणि घरं ईस्टरच्या सात दिवस आधी, म्हणजे पवित्र सप्ताहाच्या तोंडाशी संपतात. त्यामुळे तक्त्यात ४६ घरं काढा.

ईस्टरची वाट: रोजची गोष्ट

लागणारं साहित्य: ए-३ आकाराचा एक जाड कागद (किंवा ए-४ चे दोन चिकटवून), पेन्सिल, जांभळा, गुलाबी, पिवळा रंग आणि एक गुळगुळीत खडा.

कागदाच्या कडेपासून आत वळत जाणारी गोगलगायीसारखी वाट काढा. दोन वेढ्यांत साधारण ५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि वाटेचे ३ सेंटिमीटर लांबीचे ४६ तुकडे पाडा. एकाच ए-४ कागदावर हे बसवायला गेलात तर घरं इतकी बारीक होतात की खडा दोन घरांवर बसतो. ५, १२, १९, २६, ३३ आणि ४० ही घरं रविवारची. ती पिवळी करा, फक्त २६वं गुलाबी, कारण त्या चौथ्या रविवारी चर्चमध्ये गुलाबी वस्त्रं वापरता येतात. चाळीसावं घर झावळ्यांच्या रविवारचं, ४४वं पवित्र गुरुवारचं, ४५वं गुड फ्रायडेचं. बाकीची घरं जांभळी. मधोमध ईस्टरसाठी मोठं वर्तुळ सोडा आणि ते त्या सकाळपर्यंत कोरंच राहू द्या.

मुलाने रोज घर रंगवण्यापेक्षा खडा एक घर पुढे सरकवावा. रंगवायचं ठरवलं आणि दोन दिवस आजारपणात गेले की मध्ये भोकं दिसतात, आणि काही मुलांना ती फार लागतात. खडा मात्र कुठूनही पुढे जातो. दोन मुलं असतील तर वार वाटून द्या. दोन खडे नकोत, शर्यत लागते.

खडा सरकवल्यावर प्रार्थना. तीनच वाक्यं: आज कशासाठी धन्यवाद, कशाबद्दल क्षमा कर, उद्या कुणाला मदत कर. शेवटी क्रुसाची खूण. दोन मिनिटं खूप झाली. मोठ्यांनीही आपलं वाक्य मोठ्याने म्हणायचं, आणि क्षमेचं वाक्य खरं असलं पाहिजे: "आज मी चिडून ओरडले, क्षमा कर." आईबाबाही क्षमा मागतात, हे मुलाने ऐकणं या सगळ्या उपक्रमांत सर्वांत मोलाचं आहे.

आदल्या संध्याकाळी: आलेलुया ठेवून देणे

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण विधीपर्यंत रोमन कॅथलिक उपासनेत आलेलुया, म्हणजे देवाच्या स्तुतीचा आनंदघोष, गायली जात नाही. तिला "निरोप" देण्याची जुनी प्रथा आहे आणि मुलांना ती अतिशय आवडते. मंगळवारी संध्याकाळी एका लांब पट्टीवर मोठ्या अक्षरांत "आलेलुया" लिहा, मुलांना रंगवू द्या, एकदा जोरात गाऊन घ्या आणि पट्टी डब्यात बंद करून उंच कपाटात ठेवा. अंगणात खरोखर पुरायची असेल तर घट्ट झाकणाचा डबा घ्या, कारण ओल्या मातीत साधा कागद सहा आठवडे टिकत नाही. जागेवर दगडाची खूणही हवी. खूण नसल्यामुळे ईस्टरच्या सकाळी सगळं कुटुंब अंगण उकरत बसलं, असं बऱ्याच घरांत होतं.

त्याच वेळी प्रार्थनेच्या जागेवर जांभळं कापड घाला. फुलं आणि सजावट काढा. क्रूस, बायबल, एक मेणबत्ती, बस. जागा जितकी रिकामी तितकी ईस्टरला भरलेली दिसेल.

राखेचा बुधवार

मुलांना चर्चमध्ये नेणार असाल तर आधी घरी सांगा की फादर राख लावतील, ती दुखत नाही, आणि ती गेल्या वर्षी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. राख लावताना जे दोन उच्चार वापरतात त्यांतला एक "तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील" या अर्थाचा असतो. लहान मूल त्यावर "मी मरणार का?" असं विचारू शकतं. प्रश्न टाळू नका. "देवाने आपल्याला घडवलं, आपण त्याचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार आहोत," एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक मुलांचं समाधान होतं. दुसरा उच्चार पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याचा आहे. घरी बोलायला तो जास्त सोपा: "चुकीच्या वाटेवरून वळायचं आणि येशूच्या मागे चालायचं."

त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचतात: दान, प्रार्थना आणि उपवास, आणि तिन्ही दिखावा न करता. घरातला सगळा कार्यक्रम या तीन खांबांवर उभा करा.

उपवास: लहान मुलांनी काय सोडायचं

इथे स्पष्ट बोलायला हवं. लहान मुलांचं जेवण कमी करायचं नाही, जेवण चुकवायचं नाही, पाणी तर मुळीच तोडायचं नाही. चर्चही ते मागत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं (कॅनन लॉ) कलम १२५२ मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि उपवासाचा नियम सज्ञान झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत लावतं. सज्ञान म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेले. मात्र त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की वयामुळे या नियमात न बसणाऱ्या मुलांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याची काळजी पालकांनी आणि धर्मगुरूंनी घ्यावी. म्हणजे पालकांचं काम अर्थ शिकवण्याचं आहे, उपाशी ठेवण्याचं नाही.

सोडायची गोष्ट मुलानेच निवडावी, दोन-तीन पर्यायांतून, आणि एका आठवड्यापुरती. "चाळीस दिवस चॉकलेट नाही" हे सहा वर्षांचं मूल मोठ्या जोशात जाहीर करतं, पाचव्या दिवशी विसरून खातं आणि रडतं. "या आठवड्यात शुक्रवारी आणि बुधवारी कार्टून नाही" हे त्याला पेलतं. रविवारी नवीन निवड. भाजी खाणं, दात घासणं, गृहपाठ असली रोजची कर्तव्यं त्यात घालू नका. ती उपवासकाळ संपल्यावरही करायचीच असतात.

आणि सोडलेल्या गोष्टीच्या जागी काहीतरी आलं पाहिजे. हे राहून गेलं तर मुलाच्या लेखी उपवासकाळ म्हणजे निव्वळ शिक्षा. कार्टूनची अर्धी घटका मोकळी झाली ना, मग त्या वेळात आजीला फोन. खाऊ घेतला नाही, मग ते पैसे दानाच्या डब्यात, मुलाच्या हातानेच, त्याच संध्याकाळी. आठवड्याच्या शेवटी एकदम हिशोब केला तर त्या वयात दोन्ही गोष्टींचा संबंध लागत नाही.

दाण्यांची बरणी

घेवड्याचे किंवा राजम्याचे कोरडे दाणे एका वाटीत, शेजारी रिकामी काचेची बरणी. कुणासाठी काही केलं, काही सोडलं, राग गिळला की एक दाणा बरणीत. ईस्टरच्या आदल्या रात्री मोठी माणसं दाणे काढून तिथे गोड खाऊ भरतात.

बरणी २०० ते २५० मिलीलिटरची घ्या. चार माणसांच्या घरात रोज प्रत्येकी एक धरला तरी सगळे मिळून दीडशेहून जास्त दाणे होतात आणि त्यांनी छोटी बरणी निम्म्याहून जास्त भरते. लिटरभराची बरणी घेतली तर तेच दाणे तळाला पडून दिसतात आणि मुलांना वाटतं आपण कमी पडलो.

बरणी सगळ्या घराची एकच. दाणा कशासाठी टाकला हे कुणी सांगायचं नाही, विचारायचंही नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे येशूचं सांगणं इथे अक्षरशः हातांनी करता येतं. नावांचा तक्ता आणि चांदण्या लावल्या की भावंडांची चढाओढ सुरू होते आणि चांगलं काम चांदणीसाठी होऊ लागतं. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर दाणे उंचावर ठेवा. नाकात किंवा घशात जातात.

काटेरी मुकुट: मिठाच्या पिठाचा

हा उपक्रम पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी, कारण यात टोकदार काड्या आहेत. पहिल्या आठवड्याच्या शेवटी केला तर पुढे पाच आठवडे वापरता येतो.

२ कप मैदा किंवा गव्हाचं पीठ, १ कप बारीक मीठ, पाऊण ते १ कप कोमट पाणी. पाणी थोडं थोडं घाला, सगळं एकदम ओतलं तर पीठ चिकट होतं. आठ-दहा मिनिटं मळा, गोळा गुळगुळीत झाला पाहिजे. त्याचे तीन भाग करून प्रत्येकाची अंगठ्याएवढ्या जाडीची, ५० सेंटिमीटर लांब वळी करा, वेणी घाला, टोकं पाण्याच्या बोटाने जोडून गोल करा. पस्तीस दातकोरण्या अर्ध्यापर्यंत खुपसा. खुपसल्यावर प्रत्येक काडी जागेवरच फिरवून भोक किंचित सैल करा. हे विसरलात तर वाळल्यावर पीठ काडीला घट्ट धरतं आणि काडी ओढताना मुकुट तुटतो.

वाळवण्यासाठी ओव्हन ९० ते १०० अंश सेल्सिअसवर ठेवून तीन ते चार तास, अर्ध्यात एकदा उलटा करून. जास्त आच दिली तर बाहेरची बाजू आधी कडक होते, आतली ओल बाहेर पडताना तडे जातात. ओव्हन नसेल तर हवेशीर जागी चार-पाच दिवस, रोज बाजू बदलून. दमट हवेत मीठ ओल ओढून घेतं आणि वाळलेला मुकुटही पुन्हा मऊ पडतो. अशा वेळी त्याला आणखी एकदा आच द्या, आणि पूर्ण कोरडा झाल्यावर वरून पारदर्शक वार्निशचा हात मारा. या पिठात मीठ प्रचंड असतं. कुणालाही, पाळीव कुत्र्यामांजरांनाही, ते खाऊ देऊ नका.

रोज एका प्रेमाच्या कामासाठी एक काटा काढायचा. मुलाला सांगायचं ते इतकंच: "येशूने आपल्यासाठी दुःख सोसलं, आपण त्याच्यावर प्रेम करतो म्हणून एक काटा काढू." "तुझ्या खोडीमुळे येशूला काटा टोचला," असं चुकूनही म्हणू नका. संवेदनशील मूल ते वर्षानुवर्षं मनात धरून बसतं. ईस्टरला काटे गेलेला मुकुट सोनेरी किंवा पांढरा रंगवून भोकांत छोटी फुलं खोचता येतात.

दाण्यांची बरणी आणि मुकुट ही दोन्ही एकाच प्रकारची कामं आहेत. एकच निवडा.

शुक्रवार: क्रुसाची वाट, मुलांच्या मापाची

क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या शिक्षेपासून कबरेपर्यंतच्या प्रवासावरची प्रार्थना. तिची १४ स्थानकं आहेत. सहा वर्षांखालच्या मुलांसोबत एका संध्याकाळी तीन किंवा चार घ्या. सुरुवातीला चौथं, पाचवं आणि सहावं: येशूला आई भेटते, कुरेनेकर शिमोन क्रूस उचलायला मदत करतो, वेरोनिका त्याचा चेहरा पुसते. तिन्ही ठिकाणी कुणीतरी येशूच्या जवळ येतं, आणि मुलाला "मी काय करू शकतो" हे तिथे सापडतं. शिमोनाचा उल्लेख मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. वेरोनिका शुभवर्तमानांत नाही, ती परंपरेने आलेली. मोठ्या मुलाने बायबलमध्ये शोधून विचारलं तर सरळ तसंच सांगा.

घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांत चित्रं लावा आणि चालत जा. प्रत्येक ठिकाणी हाताला काहीतरी हवं. शिमोनाच्या जागी पुस्तकांनी भरलेली पिशवी ठेवा. मूल एकट्याने उचलून बघतं, मग दोघांनी मिळून. वेरोनिकाच्या जागी ओला रुमाल, एकमेकांचा चेहरा पुसायला. चालताना हातात खरी मेणबत्ती देऊ नका, बॅटरीची द्या. सगळं मिळून पंधरा मिनिटांत आटपा.

पाचवा आठवडा: गहू पेरा

"गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो" (योहान १२:२४). हे वचन चर्चमधल्या रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या 'ब' वर्षी, म्हणजे २०२७ मध्येही, पाचव्या रविवारी येतं. वर्ष कोणतंही असो, पेरणी त्याच आठवड्यात करा. मंगळवारी, म्हणजे वाटेवरच्या ३५व्या घराला, मूठभर गहू भिजत घाला. बुधवारी, ३६व्या घराला, पेरा. ईस्टरला अकरा दिवस उरतात आणि रोपं तोवर साधारण वीतभर, टवटवीत होतात. राखेच्या बुधवारी पेरलेला गहू ईस्टरपर्यंत पिवळा पडून आडवा झालेला असतो.

५ सेंटिमीटर खोल ताट किंवा ट्रे, तळाला पाणी जायला भोकं, ३ सेंटिमीटर माती. दाणे एकमेकांवर न चढवता पसरा, वरून मातीचा पातळ थर. पाणी ओतू नका, फवारा. मुलं प्रेमाने दिवसातून पाच वेळा पाणी घालतात आणि दाण्यांना बुरशी येते, म्हणून फवाऱ्याची बाटली सकाळी एकाच्या आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या हातात द्या. ट्रेच्या एका कोपऱ्यात छोटी कुंडी आडवी पुरा: ही कबर. शेजारी तिच्या तोंडावर नीट बसेल असा चपटा दगड. दगड आजच लावून बघा, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी शोधायला वेळ नसतो.

पवित्र सप्ताह

झावळ्यांच्या रविवारी मिळालेली आशीर्वादित झावळी घरच्या क्रुसामागे खोवा. ती कचऱ्यात टाकत नाहीत.

पवित्र गुरुवारी पाय धुणे. हे कराच. परात, तांब्या, प्रत्येकासाठी वेगळा पंचा, खाली जुनी चादर. पाणी कोमट असावं, मनगटावर ओतून पाहा. योहान १३ मधल्या पहिल्या पंधरा ओव्या सोप्या शब्दांत सांगा, मग आईबाबांनी खाली बसून मुलांचे पाय धुवायचे, पुसायचे. सुरुवात मोठ्यांनीच करायची, कारण तिथे गुरू शिष्यांचे पाय धुतो. मग मुलं एकमेकांचे धुतील. खिदळतील, पाणी सांडेल, सांडू द्या. एखाद्याला पाय पुढे करायला लाज वाटली तर जबरदस्ती नको. पेत्रानेही आधी नकोच म्हटलं होतं.

गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता खेळ, टीव्ही, फोन बंद. लहान मुलांसाठी तीन मिनिटं शांतता पुरे. दुःखसहनाची हकिगत सांगताना खिळे, रक्त, फटके यांचं वर्णन लांबवू नका. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला "येशू मेला" एवढ्यावर थांबवून झोपायला पाठवू नका. "त्याला कबरेत ठेवलं, आणि रविवारी तो पुन्हा उठला, ते आपण परवा साजरं करणार," हे त्याच बैठकीत सांगा. संध्याकाळी कुंडीच्या तोंडावर दगड लावा.

शनिवारी मेणबत्ती लावायची नाही, प्रार्थनेची जागा रिकामी. "आज काय करायचं?" या प्रश्नाला उत्तर: "आज वाट पाहायची." हातांना काम म्हणून घर झाडा आणि ईस्टरची तयारी करा.

ईस्टरची सकाळ आणि नंतर

मुलं उठायच्या आत दगड बाजूला करा, कबर रिकामी दिसू द्या, आत घडी केलेला छोटा पांढरा रुमाल ठेवा. जांभळ्याच्या जागी पांढरं कापड, फुलं, मेणबत्ती. दाण्यांची बरणी खाऊने भरलेली. मग मुलांना कपाटातून आलेलुयाचा डबा काढायला सांगा आणि पट्टी दारावर लावा. वाटेच्या मधल्या वर्तुळात त्यांना हवं ते काढू द्या.

दानाचा डबा त्याच आठवड्यात मुलांसमोर उघडा, त्यांनाच मोजू द्या आणि आधी ठरवलेल्या ठिकाणी त्यांच्या हातानेच पोहोचवा. पुनरुत्थानकाळ पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत) ५० दिवसांचा असतो, उपवासकाळाहून मोठा. म्हणून आलेलुयाची पट्टी दुसऱ्याच दिवशी काढू नका. रात्रीची तीन वाक्यांची प्रार्थना तशीच चालू ठेवा. कागदावरची वाट गुंडाळून, खडा त्यातच ठेवून जपा, पुढच्या वर्षी तीच वापरता येते. झावळी मात्र पुढच्या राखेच्या बुधवारच्या आठवडाभर आधी चर्चमध्ये परत द्या, मुलाच्याच हाताने, म्हणजे कपाळावरची राख कुठून येते ते त्याला कुणी सांगावं लागणार नाही.